आरशातलं गिऱ्हाईक

ज्या वर्षी आमच्या छोटूला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी आमच्या ह्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. छोटू म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. नाव छोटू, पण दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. त्या वर्षी घरात चार तान्ह्या जिवांचं पुसणं-निजवणं चाललं होतं. दोन नाती आणि ह्यांचे दोन डोळे. नातींना रडायला कारण लागत नसे. ह्यांनाही नसे.

घराच्या पुढच्या खोलीत आमचं सलून आहे. मधे नुसता पडदा. पडद्याच्या अलीकडे माझी शेगडी, पलीकडे दोन खुर्च्या. पहिली खुर्ची ह्यांची, दुसरी छोटूची आणि भिंतीला टेकलेला बाक थोरल्या भाऊजींचा. थोरले भाऊजी म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. दुकान त्यांनीच उघडलं, ह्यांना वस्तरा धरायला त्यांनीच शिकवलं. मग एक दिवस त्यांचा हात थरथरला आणि एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीला ओरखडा गेला. त्याच संध्याकाळी त्यांनी वस्तरा पुसून ह्यांच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसले. त्यांना कुणी उठ म्हटलं नव्हतं. आमच्या दुकानाचा कायदाच तो. काम वाकडं व्हायला लागलं की आपण होऊन उठायचं.

तेव्हापासून भाऊजी सकाळी बाकावर बसत आणि दुपारपर्यंत पेपर वाचत. वाचत कसले, पेपर तोंडासमोर धरून दोन्ही खुर्च्यांवर नजर ठेवत. मधेच पेपरामागून आवाज येई, "लहान्या, मानेवर मशीन फिरवतोस का नांगर?" लहान्या म्हणजे आमचे हे. वय किती का होईना.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून नीट समजावून सांगितलं होतं. मी होते, छोटू होता, भाऊजीही हट्टानं आले होते.

"हे बघा काका," बाई म्हणाल्या, "आत जे भिंग बसवतो ते एकाच अंतराचं असतं. लांबचं स्वच्छ हवं की जवळचं? जे घ्याल त्याच्या उलट कामासाठी चष्मा लागेल."

"जवळचं," हे ताबडतोब म्हणाले. "माझं काम हाताच्या अंतरावरचं. लांबचं बघून मला काय करायचंय? पाण्याच्या टाकीवर कावळे किती बसलेत ते मोजू?"

बाई हसल्या. भाऊजींनी मान डोलावली. छोटूनं डोलावली, मीही डोलावली. दोन पिढ्या केस कापणारी माणसं आम्ही. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्या ह्यांना तरुणपणापासून चष्मा. काचा अशा जाड की उन्हात चष्मा ठेवला तर खालचा कागद पेटावा. कानामागे त्याच्या काड्यांनी घळी पडल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी ह्यांनी काय करावं? दुकान भरलेलं असताना तो चष्मा सगळ्यांसमोर मोडला, दोन तुकडे केले आणि कापलेल्या केसांच्या टोपलीत टाकले.

"सुटलो!" म्हणाले. "आता मरेपर्यंत नाकावर ओझं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त पेपरामागून आवाज आला, "मोडायचा कशाला? कुणा गरजवंताला दिला असतास."

"दादा, त्या नंबरचा गरजवंत शोधायला दुर्बीण लागेल."

पहिले दिवस मजेत गेले. मी दिवसातून चार वेळा थेंब घाले आणि हे डोळे मिचकावत जगाकडे नव्यानं बघत. केस अन् केस दिसतो म्हणाले. नातींच्या पापण्या दिसल्या म्हणाले. मग माझ्याकडे नजर वळली.

"अगं, तुझ्या कपाळावर एवढ्या रेषा कधी आल्या?"

"तुमचे थेंब घालता घालता," मी म्हटलं.

हे खुर्चीशी परत उभे राहिले आणि दोन दिवसांतच कुरकुर सुरू झाली. आरसा धुरकट दिसतो. छोटूनं पुसला. धुरकटच. मग पडद्याआड येऊन माझ्यावर ओरडले, "तुझ्या किटलीची वाफ जाते आरशावर!" मी शेगडी उचलून मागच्या दारात नेली. वाऱ्यात चहाला उकळी यायला दुप्पट वेळ लागू लागला, आणि आरसा धुरकटच. मग छोटूचा आरसा काढून ह्यांच्या भिंतीवर लावला, ह्यांचा त्याच्याकडे. छोटू म्हणाला, "बाबा, मला तर दोन्हींत लख्ख दिसतंय."

"तुला लख्ख म्हणजे काय ते ठाऊकच नाही."

शेवटी आरसेवाल्याला बोलावलं. तो आला, त्यानं आरशावर बोट टेकवलं, मागून टकटक केली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मागचा मुलामा गेलाय." आरसे विकणाऱ्यानं दुसरं काय म्हणायचं? नवा आरसा आला. आम्ही सगळ्यांनी त्यात बघितलं. माझ्या रेषा मला स्वतःला दिसल्या. हे जवळ गेले, काचेपासून वीतभर अंतरावर थांबले आणि खूश झाले. मागे सरकून खुर्चीशी उभे राहिले आणि चेहरा पडला.

"हाही तसलाच. आजकाल आरशातसुद्धा भेसळ."

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण कल्ले वाकडे यायला लागले.

केस कापणं डोळ्यांसमोर होतं, तिथं ह्यांचं काम पूर्वीपेक्षा बारीक झालं होतं. पण दोन्ही बाजूंचे कल्ले सारखे आले की नाही, हे गिऱ्हाइकाच्या मागं उभं राहून आरशातच बघायचं असतं. एका वेळी दोन्ही गाल दुसरीकडे कुठं दिसणार? आरशात तर धुकं. मग ह्यांनी आपली युक्ती काढली. दोन्ही हातांची बोटं गिऱ्हाइकाच्या कानांच्या पाळ्यांना लावायची, तिथून वर माप घ्यायचं आणि दोन्हीकडे सारखं कापायचं. ह्यांना वाटलं, कसं फसवलं आरशाला!

पण देवानं कुणाचेच दोन कान एका रेषेत लावलेले नाहीत. ते आम्हाला समोरच्या फोटोग्राफरनं सांगितलं. त्याचा स्टुडिओ रस्त्यापलीकडे. ओळखपत्राचे फोटो काढायचे तर लोक आधी आमच्याकडे येत, मग त्याच्याकडे जात. एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला.

"काका, एक विचारू? तुमच्याकडून येणारी माणसं आजकाल मान वाकडी करून का बसतात?"

"म्हणजे?"

"मी म्हणतो सरळ बसा, ते म्हणतात सरळच आहोत. मी मान सरळ करतो तर कल्ले तिरके होतात. कल्ले सरळ करतो तर मान तिरकी. काल एका बाईंनी नवऱ्याचा फोटो बघून विचारलं, ह्यांना लकवा तर नाही ना झाला?"

दुकानात कुणी हसलं नाही. छोटूनं कात्री थांबवली. ह्यांनी नॅपकिन झटकला, तीनदा झटकला, त्यात एकही केस नव्हता. पेपर खाली आला. भाऊजींना पेपर घडी करून मांडीवर ठेवताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"लहान्या," ते शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "डोळ्यांचं काय ते बघून घे. महिनाअखेरपर्यंत थांबतो. तोवर कल्ल्यांना हात लावू नकोस. नाही जमलं तर ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, दादा."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. खुर्ची गेली तर हा माणूस करणार काय? बाकावर दोन म्हातारे एक पेपर घेऊन बसणार? ह्यांना दुसरं काही येत नाही. पत्ते येत नाहीत, बाजारहाट येत नाही, बाळांना घेतलं तर बाळं आधी ह्यांच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे, सोडव म्हणून. खुर्चीमागं उभा असतो तेव्हाच हा माणूस बोलतो, हसतो, लोकांच्या सासवांची चौकशी करतो. मी तेव्हाच ठरवलं, ह्यांना बाकावर बसू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकला, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, वर बघा, खाली बघा.

"भिंगामागे कधीकधी जाळी धरते," त्या मला म्हणाल्या. "तसं असतं तर लेझरनं दोन मिनिटांत साफ केली असती. पण जाळी नाही, सूज नाही, भिंग जागच्या जागी आहे. काका, जवळचं वाचून दाखवा."

ह्यांनी सगळ्यात बारीक ओळ धाडधाड वाचली, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"आता लांबचं."

लांबच्या फळ्यावर पहिलं मोठं अक्षर आलं, मग गाडी अडली. मला शेवटून दुसरी ओळ दिसत होती. मी छोटू मोठा झाल्यावर लिहायला-वाचायला शिकले, त्यामुळे समोर अक्षर आलं की मला राहवत नाही. मी वाचायला लागले.

"आजी, तुमची परीक्षा नाही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी ह्यांच्या डोळ्यांपुढं काच धरली आणि हे त्या फळ्यावरचं सगळं वाचू लागले. "बघा. लांबचा चष्मा घेतलात की झालं. हे मी आधीच सांगितलं होतं."

"पण लांबचं मला नकोच आहे!"

"मग तक्रार काय आहे?"

"आरसा."

"आरशाचं काय?"

"धुरकट आहे."

"बदलून बघा."

"बदलला."

बाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या, हे बाईंकडे. जवळचं उत्तम दिसतं, लांबचं नको आहे, म्हणजे डोळे बरोबर. आरसा नवा आहे, म्हणजे आरसाही बरोबर. दोघंही शहाणी माणसं, पण दोघांच्यामध्ये कल्ले वाकडेच्या वाकडे. शेवटी बाईंनी लांबच्या चष्म्याचा नंबर लिहून दिला. बाहेर आल्यावर ह्यांनी तो कागद नातींच्या कपड्यांच्या पिशवीत खुपसला, जिथून काहीच वर येत नाही.

"चष्मा मी मोडलाय," हे म्हणाले. "भर दुकानात मोडलाय. आता कुठल्या तोंडानं घालू?"

"तोंडावर नाही, नाकावर घाला," मी म्हटलं. ते चार पावलं पुढं चालायला लागले.

सांगून ऐकत नाहीत म्हटल्यावर मी सोंग काढलं. माझ्या चष्म्याची काडी ढिली झालीय म्हटलं, आणि ह्यांना चष्मेवालीकडे नेलं. तिथं पोचल्यावर तिला डोळ्यांनी खुणावलं. पोरगी हुशार. "काका, आलाच आहात तर बसा, बघते. तपासायचे पैसे नाहीत," म्हणाली. फुकटची खुर्ची आमच्याकडे कुणी सोडत नाही.

तिचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं जावं लागेल. आतल्या टोकाला तपासणीची खुर्ची, खुर्चीच्या अगदी मागं भिंतीवर अक्षरांचा फळा, आणि खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर आरसा. मी फळा बघितला आणि मला धक्काच बसला.

"अगं बाई! ही अक्षरं उलटी छापलीत. कुणी फसवलं तुला?"

"उलटीच असतात आजी. आरशात सुलटी दिसतात. काका, समोरच्या आरशात बघून वाचा."

ह्यांनी आरशात बघितलं आणि ह्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं.

"तुमचाही आरसा खराब आहे," हे म्हणाले. "कुणाकडून घेतलात? आमच्याच माणसाकडून का?"

"काका, आरसा छान आहे."

"अहो, मागचा फळा मला स्वच्छ दिसतोय." हे मान वळवून मागं बघत एकेक अक्षर बोटानं दाखवू लागले, तेही उलटं असून. "आणि आरशात धुकं. म्हणजे खराब कोण? फळा की आरसा?"

पोरगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. ती ह्यांच्या नाकापाशी उभी राहिली. "काका, ही माझी खोली लहान आहे. लांबचं तपासायला लांब खोली लागते, ती मी कुठून आणू? म्हणून आरसा लावलाय. तुमची नजर इथून निघते." ती पावलं टाकत आरशापर्यंत गेली. "इथं आपटते आणि परत जाते." ती उलट चालत फळ्यापाशी आली. "इथवर. एवढं सगळं अंतर तुमच्या डोळ्याला पडतं. फळा तुमच्या मागं हातभर आहे, पण आरशातला फळा लांब आहे."

ह्यांनी आरशाकडे बोट केलं. मग हळूच म्हणाले, "आरशातली वस्तू लांब असते?"

"हो."

"माणूससुद्धा?"

"माणूससुद्धा."

"पण त्याचं डोकं माझ्या हातात असतं!"

"हातातलं डोकं जवळ, काका. आरशातलं लांब."

ह्यांनी दोन्ही हात पुढं धरले, जणू मधे कुणाचं तरी डोकं आहे. एकदा हातांकडे बघितलं, एकदा आरशाकडे. पुन्हा हातांकडे. मग खुर्चीत मागं टेकले.

"उभा जन्म आरशात बघण्यात गेला," हे म्हणाले, "आणि गिऱ्हाईक लांब उभं आहे हे मला कुणी सांगितलं नाही."

पोरीनं एक काच ह्यांच्या डोळ्यांपुढं धरली. "आता बघा." ह्यांनी आरशात बघितलं. वाचलं काहीच नाही. नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "त्या आरसेवाल्याला मी काय काय बोललो."

आता कुणालाही वाटेल, की प्रश्न सुटला. छे. घरी येताना ह्यांचं डोकं दुसऱ्याच दिशेला चालू लागलं. भिंगच बदलायचं! जवळचं काढायचं आणि आरशाच्या अंतराचं बसवायचं. चष्मा नको म्हणून माणूस डोळा पुन्हा उघडायला तयार झाला. पुन्हा डॉक्टरीणबाई. ह्या वेळी बाईंना आरशाचं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"माझंही चुकलं. न्हाणीघरातला आरसा म्हणत असाल असं वाटलं मला. सलूनचा विचारच केला नाही." मग त्या नीट बसल्या. "भिंग बदलता येतं, काका. पण आता ते आत बसलंय, रुजलंय. काढायचं म्हणजे नव्या ऑपरेशनपेक्षा जास्त धोका. शिवाय आरशाचं अंतर बसवलं की हातातलं डोकं धूसर होणार. मग वस्तरा कुठं लावणार? दुसरं, बुबुळावर लेझर मारून नंबर थोडा हलवता येतो, पण तुमचे डोळे कोरडे आहेत, मी सुचवणार नाही. तिसरा चष्मा. त्यात धोका शून्य."

"तुमच्या वडिलांना असं झालं असतं तर?" ह्यांनी विचारलं.

"माझे वडील चष्मा लावतात आणि दिवसभर कुरकुर करतात," बाई म्हणाल्या. "पण कुरकुर करताना मी त्यांना स्वच्छ दिसते."

तरी गाडी अडलीच. साबणाचा फेस उडतो, वाकलं की चष्मा घसरतो, जवळ बघायला काढा, आरशात बघायला घाला, गिऱ्हाईक काय म्हणेल? ह्यांची एकेक अडचण खरी होती, पण सगळ्यांच्या तळाशी टोपलीतले ते दोन तुकडे होते. मी रात्रभर डोकं फोडलं नाही. सरळ चष्मेवालीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, काका आरशात बघताना नजर वर करतात ना? आणि डोक्याकडे बघताना खाली? मग दोन भागांची काच करू. वरून आरसा, खालून डोकं. काढायला-घालायला नकोच. आणि मागं दोरी लावू, घसरणार नाही."

चष्मा आला तेव्हा महिना संपायला आठवडाच उरला होता. ह्यांनी तो पडद्याआड घातला, दोन पावलं टाकली आणि खांबाला धरलं.

"जमीन हलतेय."

"जमीन जागेवर आहे. चालताना समोर बघा. कापताना हनुवटी खाली घेऊ नका, नुसते डोळे खाली घ्या," मी चष्मेवालीचं ऐकून आलेलं सांगितलं.

आता सराव कशावर करायचा? माणूस कोण देणार? छोटूनं बाळांच्या खोलीतले फुगे आणले. ह्या धंद्यात दाढी शिकायची ती फुग्यावर. फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो काढायचा, फुगा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. ह्यांनी लहानपणी भाऊजींच्या हाताखाली असेच दिवस काढले होते. आता स्वयंपाकघरात काढून ठेवलेला जुना आरसा टांगून, दोन्ही नाती झोपल्या असताना, आजोबा फुग्यापुढं उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं, काचेच्या मधली रेघ आडवी आली आणि फट्!

फेस छताला, फेस माझ्या केसांना, फेस नव्या चष्म्यावर. दोन्ही नाती एका सुरात रडायला लागल्या. सूनबाई आतून म्हणाली, "बाबा, एक बाळ निजवून द्या, मग दुसरा फुगा फोडा."

दोन-चार फुगे गेले. मग एक राहिला. मग राहिलेल्या फुग्यावर छोटूनं शाईनं कान काढले, एक वर, एक खाली, आणि हे आरशात बघून दोन्हीकडे फेसाचे सारखे कल्ले ठेवू लागले. त्या दिवशी मी शेगडी पडद्याजवळ परत आणली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हे चष्मा घालून पडद्यातून बाहेर पडले. दुकानात तीन-चार माणसं होती, तो फोटोग्राफरही मुद्दाम आलेला. सगळ्यांनी चष्म्याकडे बघितलं.

"काय हो, सुटला होतात ना?" एकानं विचारलंच.

"सुटलो होतो," हे म्हणाले. "परत पकडलं." आणि खुर्ची झटकली. "बसा कोण बसताय?"

कुणी उठलं नाही. वाकड्या मानेचा फोटो सगळ्यांनी बघितलेला. तेवढ्यात बाक करकरला. भाऊजी उठले, पेपर बाकावर ठेवला आणि काठी टेकत येऊन पहिल्या खुर्चीत बसले.

भाऊजींचे पांढरेशुभ्र कल्ले म्हणजे त्या गल्लीतलं प्रेक्षणीय स्थळ. खुर्ची सोडल्यापासून ते स्वतःच, घरी, दिवसाउजेडी एकेक केस मोजल्यासारखे कापत. हात थरथरायचा तरी. दुसऱ्याला कधी शिवू दिलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

"दाढी कर आणि कल्ले घे," ते म्हणाले. "अर्धं बोट वर. धाकटे, तू पडद्यातून बघतेयस ते दिसतंय मला. बाहेर ये."

धाकटी म्हणजे मी. मी बाहेर येऊन उभी राहिले. हा म्हातारा ह्यांना खुर्चीवरून उठवायला बसलाय की ठेवायला, कळेना.

ह्यांनी फेस केला, लावला. वस्तरा उघडला. खाली बघून गालावरून असा फिरवला की लोण्यावरून सुरी जावी. मग कल्ल्यांची पाळी आली. सवयीनं ह्यांची बोटं भाऊजींच्या कानांच्या पाळ्यांकडे गेली. बोटं कानाला लागली, थांबली आणि ह्यांनी ती काढून घेतली. हे सरळ उभे राहिले, मान वर केली आणि आरशात बघितलं.

आणि बघतच राहिले.

हातात वस्तरा तसाच. भाऊजी वाट बघत बसलेले. आरशातून धाकटा भाऊ थोरल्याला बघत होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तो आख्खा, समोरून दिसत होता. बाकावरचा दादा ह्यांना धुक्यातून जसा आठवत होता तसा दिसायचा. आरशातल्या दादाच्या गालांना खड्डे पडले होते. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. आम्ही रोज बघत होतो म्हणून आम्हाला कळलं नव्हतं.

"दादा," हे म्हणाले, "तू किती वाळलास रे."

"कल्ल्यांकडे बघ," भाऊजी म्हणाले.

ह्यांनी बाहीनं चष्मा पुसला, म्हणाले फेस उडाला. मग उजवा कल्ला घेतला, आरशात बघितलं, डावा घेतला, आरशात बघितलं. एकदा मागं सरकले, पुन्हा जवळ येऊन डाव्या बाजूचे दोन-तीन केस उडवले आणि नॅपकिन काढला.

भाऊजी आरशात न्याहाळत बसले. मान हलवली नाही, फक्त डोळे इकडून तिकडे. फोटोग्राफर पुढं झुकला. छोटूचं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं उठून बघायला आलं.

"डावा कल्ला कानापासून बघितला तर बोटभर जास्त वर आहे," भाऊजी म्हणाले.

मी पुढं होऊन डाव्या कल्ल्याकडे बघितलं.

"कारण माझा डावा कान जन्मापासून खाली आहे," ते पुढं म्हणाले. "आईला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. कानावरून माप घेतलं असतंस तर आज मी मान वाकडी करून घरी गेलो असतो." ते काठी टेकत उठले. "बरोबर आहेत. चल, पुढचा कोण? बसा रे, घाबरता काय, त्याला दिसतंय आता."

कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला बसला. हे नाकावर चष्मा चढवून त्याच्या सासूची चौकशी करू लागले. भाऊजी बाकावर परत गेले आणि पेपर उघडला. थोड्या वेळानं पेपरामागून आवाज आला, "लहान्या, आता दर रविवारी माझे तूच घे. माझ्यानं होत नाही." हे म्हणाले, "बरं." त्याच आठवड्यात आम्ही भाऊजींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि आम्हाला बाजूला बोलावून सांगितलं, आता थोडेच महिने उरलेत.

आमचे हे अजून पहिल्या खुर्चीवर काम करतात. थोरले भाऊजी त्याच वर्षी, थंडी संपता संपता, एका सोमवारी सकाळी गेले. आदल्या दिवशी रविवार होता.